बँकेच्या पाठीमागे कोण उभं आहे?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘बँकिंग क्षेत्रातील संधी’. विषय चांगला आहे, पण तो दहावीच्या मुलांसमोर बोलायचा. आज समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या संधी घेऊन झाल्या, आता ठेवी उरल्यात. म्हणूनच की काय, चहाच्या वेळी मला जे जे विचारलं गेलं ते सगळं ठेवींबद्दलच होतं. अमुक बँक कशी आहे गं? निवृत्तीचे पैसे तमुक ठिकाणी ठेवले तर चालतील का? तेव्हा संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे.

बँक कशी आहे हे ठरवताना आपण इमारत बघतो, व्याजाचा दर बघतो, काउंटरवरचा माणूस नीट बोलतो का ते बघतो. त्या बँकेच्या पाठीमागे कोण उभं आहे, हे फार थोडे जण विचारतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षं नेमका हा प्रश्न विचारणाऱ्या कागदांवर गेली, आणि ते कागद अमेरिकेतून यायचे. त्याबद्दल बोलते. थोडं अमेरिकेत जाऊन येऊ, पण निघू कळंबहूनच.

आपल्या आजी-आजोबांच्या काळात या पट्ट्यात बँक नव्हती, सावकार होता. त्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी घरी ऐकल्यात. व्याज जबर होतं हे खरंच, पण मेख तिथे नव्हती. पावसाळ्यात पोटाला भात उसना देणारा तोच, मळणी झाली की भात विकत घेणारा तोच, मीठ-मिरची-कापडाचं दुकान त्याचंच, आणि बरेचदा जमीनही त्याच्याच नावावर. तराजू त्याचा आणि वहीही त्याची. त्याचं देणं लागणाऱ्या माणसाला दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची सोय नव्हती. आजही आपल्या कातकरी वाड्यांमधून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात, ती आधी घेतलेली उचल फेडायला. काम देणारा आणि कर्ज देणारा एकच असला की हिशेब कधी पुरा होत नाही.

माथेरानचे भाई कोतवाल आपल्याला सिद्धगडामुळे ठाऊक आहेत. २ जानेवारी १९४३ ला ते आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले, हे आपण शाळेत पाठ केलं. पण त्याआधी वकिली शिकलेल्या या माणसाने इथल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या उभ्या केल्या होत्या, ते आपल्याला कुणी फारसं सांगितलं नाही. अडल्या वेळी सावकाराच्या दारात जावं लागू नये, एवढा साधा हेतू. बँकेत आयुष्य घालवल्यावर मला ती कोठी फार मोठी गोष्ट वाटते. तराजू आणि वही एका हातात राहू द्यायची नाही, हा सगळा विचार त्या कोठीत आहे. पुढे १९४६ साली मुंबई प्रांतात सावकारीचा कायदा आला. सावकाराने नाव नोंदवायचं, परवाना घ्यायचा, हिशेबाच्या वह्या ठेवायच्या आणि मागितल्या की दाखवायच्या. २०१४ साली महाराष्ट्राने त्याच्या जागी नवा कायदा केला, पण गाभा तोच आहे. आधी समोर ये, नाव सांग, मग धंदा कर.

आता अमेरिका. आपल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, त्यामुळे हा प्रवास तुम्हाला जड जाऊ नये.

इटलीहून आलेल्या कुटुंबातला ए. पी. जियानिनी नावाचा एक माणूस होता. १९०४ साली त्याने सॅन फ्रान्सिस्कोत एक बँक काढली. मोठ्या बँका ज्यांना दारात उभं करत नसत, अशा छोट्या माणसांना तो कर्ज द्यायचा. ती बँक वाढत वाढत पुढे बँक ऑफ अमेरिका झाली. माणूस कर्तबगार होता यात वाद नाही. १९२८ साली त्याने ट्रान्सअमेरिका नावाची एक कंपनी काढली. ही स्वतः बँक नव्हती. ती बँकांचे भाग, म्हणजे शेअर, धरून ठेवायची. पश्चिमेकडच्या एकापाठोपाठ एक राज्यांतल्या बँका तिने घेतल्या, शिवाय विमा कंपनी घेतली, कारखाने घेतले. आपल्याकडे शासकीय मराठीत अशा कंपनीला ‘सूत्रधारी कंपनी’ म्हणतात. शब्द नाटकातला आहे आणि चपखल आहे. रंगमंचावर बँक दिसते, दोऱ्या दुसऱ्याच्या हातात असतात.

अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेडरल रिझर्व्ह, हे बघत होती. तिच्या अधिकाराखाली बँका येत, बँकांच्या वर बसलेली कंपनी तिच्या हाताला नीट लागत नव्हती. १९४८ मध्ये फेडने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ट्रान्सअमेरिकावर कारवाई सुरू केली, १९५२ मध्ये बँका विकून टाकण्याचा आदेश दिला, आणि १९५३ मध्ये न्यायालयाने तो आदेश फिरवला. तेव्हा कळलं की जुन्या कायद्याने हे जमायचं नाही. मग ९ मे १९५६ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही होऊन ‘बँक होल्डिंग कंपनी कायदा’ झाला.

कायदा किचकट आहे, पण त्याचं म्हणणं चुलीपाशी बसून सांगता येईल असं आहे. बँकेच्या मतदानाच्या भागांपैकी २५ टक्के किंवा जास्त भाग ज्या कंपनीकडे असतील, किंवा बँकेचे बहुसंख्य संचालक जी निवडून आणू शकेल, ती त्या बँकेची सूत्रधार. तिने आधी फेडची मंजुरी घ्यायची, मग १८० दिवसांच्या आत फेडकडे रीतसर नोंदणी करायची. त्यानंतर दरवर्षी अहवाल द्यायचा, तपासणीला वह्या उघड्या ठेवायच्या. आणि मुख्य म्हणजे बँक धरून ठेवायची असेल तर बँकिंगशी संबंध नसलेले धंदे सोडायचे. बँक हवी की कारखाना, एक काय ते ठरवा. ट्रान्सअमेरिकालाही ठरवावं लागलं. १९५८ पर्यंत तिने बँका वेगळ्या कंपनीत काढल्या आणि स्वतः विमा ठेवला.

मला या कायद्यातली सर्वात शहाणपणाची वाटते ती तिसरी कसोटी. समजा भाग २५ टक्क्यांच्या आतच ठेवले, संचालकही उघडपणे आपले नेमले नाहीत. तरीसुद्धा बँकेशी असलेले एकूण संबंध बघून फेड म्हणू शकतं की कागदावर काहीही असो, या बँकेवर हुकूम तुमचाच चालतो, तेव्हा नोंदणी करा. बँकिंगमधले बरेच घोटाळे कागदावर नसलेल्या हुकमातून होतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

माझा याच्याशी संबंध असा आला. मी मुंबईत एका सरकारी बँकेच्या मुख्य कचेरीत होते, परदेशी शाखांच्या विभागात. परक्या देशातल्या बँकेने अमेरिकेत शाखा काढली की १९७८ च्या एका कायद्याने तिलाही यातले बरेच नियम लागू होतात. दरवर्षी फेडला अहवाल पाठवायचा. त्यात बँकेच्या सगळ्या कंपन्यांचा एक तक्ता काढायचा, वंशवृक्षासारखा, कोण कुणाच्या पोटात आहे ते दाखवणारा. आणि एक रकाना असायचा की तुमचे ५ टक्के किंवा जास्त भाग कुणाकुणाकडे आहेत, त्यांची नावं लिहा. सरकारी बँकांचे सरकारकडचे भाग राष्ट्रपतींच्या नावावर असतात. त्यामुळे त्या रकान्यात आम्ही लिहायचो, ‘भारताचे राष्ट्रपती’. दरवर्षी नव्याने आलेला एखादा मुलगा हमखास विचारायचा, “मॅडम, यांचा व्यवसाय काय लिहू?”

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण ते तक्ते काढता काढता एक सवय लागली. कुठल्याही बँकेचं नाव ऐकलं की मी मनात तिचा वंशवृक्ष काढू लागते. कर्जतला आपण ज्या स्टेट बँकेत जातो, तिची १९८२ पासून कॅलिफोर्नियात एक छोटी अमेरिकी बँक आहे. म्हणजे आपली ही एवढी मोठी स्टेट बँक फेडच्या वहीत चक्क ‘बँक होल्डिंग कंपनी’ आहे. न्यूयॉर्कच्या बड्या वित्तसंस्थांना जे लागू, त्यातलं पुष्कळ तिलाही लागू.

अमेरिकेने सगळं पहिल्या फटक्यात नीट केलं असं नाही. १९५६ च्या कायद्यात एक मोठं भोक होतं. दोन किंवा जास्त बँका असलेल्या कंपनीलाच तो लागू होता. एकच बँक असलेल्या कंपन्या त्यातून सुटायच्या, आणि मग अशा कंपन्यांचं पीकच आलं. ते भोक १९७० च्या शेवटच्या दिवशी झालेल्या दुरुस्तीने बुजलं. औद्योगिक कर्ज देणाऱ्या एका प्रकारच्या बँकांची पळवाट तर अजून आहे. वॉलमार्टने, म्हणजे जगातल्या सर्वात मोठ्या किराणा दुकानदाराने, २००५ मध्ये त्या वाटेने युटा राज्यात बँक मागितली होती. एवढा गदारोळ झाला की २००७ मध्ये अर्ज मागे घ्यावा लागला. दुकानदारानेच बँक काढायची म्हटल्यावर लोक का बिथरले, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. उलटही घडलं. २००८ च्या पडझडीत गोल्डमन सॅक्स आणि मॉर्गन स्टॅनली या वॉल स्ट्रीटवरच्या दोन दिग्गजांनी २१ सप्टेंबरला, रविवार असताना, स्वतःहून बँक होल्डिंग कंपनी होण्याची मंजुरी मिळवली. इतकी वर्षं जी नोंदणी जोखड वाटत होती, ती संकटात छत्री वाटू लागली.

आणखी एक आकडा सांगते, तो लक्षात ठेवा, पुढे लागेल. अमेरिकेत बँकेने आपल्याच मालकाच्या एका कंपनीला जास्तीत जास्त किती कर्ज द्यावं? बँकेच्या भांडवल आणि गंगाजळीच्या १० टक्के. मालकाच्या अशा सगळ्या कंपन्यांना मिळून २० टक्के. ही मर्यादा १९३३ पासून आहे.

आपल्या देशात काय झालं? तोच प्रश्न, उत्तर वेगळं. आपल्याकडेही मोठ्या बँकांवर उद्योगघराण्यांची छाया होती. युनायटेड कमर्शियल बँक, जिला आपण युको म्हणतो, ती घनश्यामदास बिर्लांनी काढलेली. ठेवी सामान्यांच्या आणि कर्जं संचालकांच्या कंपन्यांना, अशी ओरड वाढत गेली. १९६८ च्या कायद्याने आधी लगाम घातला. संचालक ज्यात गुंतलेले आहेत अशा कंपन्यांना कर्ज बंद, आणि मंडळावर निम्म्याहून अधिक माणसं शेती, सहकार, अर्थशास्त्र, हिशेब असल्या विषयांतली जाणकार हवीत. त्याचा परिणाम दिसायला वेळ द्यायच्या आधीच १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही त्यात गेली. अमेरिकेने सूत्रधाराला समोर बोलावून नाव लिहून घेतलं, आपण सूत्रधारच बदलला. राष्ट्रीयीकरणाने कशेळ्या-नेरळसारख्या ठिकाणच्या माणसांपर्यंत बँक पोचली, हे माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. नोकरी मिळाली तीही त्यातूनच, त्यामुळे मी त्याच्याविरुद्ध फार बोलणार नाही, तुम्ही समजून घ्या.

खासगी बँका पुन्हा आल्या तेव्हा जुना प्रश्नही परत आला. २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या डेप्युटी गव्हर्नर श्यामला गोपीनाथ यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने अहवाल दिला की बँक, विमा, म्युच्युअल फंड असे सगळे आर्थिक व्यवसाय एका सूत्रधार कंपनीखाली आणा आणि तिच्यासाठी वेगळा कायदा करा. वेगळा कायदा काही झाला नाही. पण २०१३ मध्ये नव्या बँकांचे परवाने निघाले तेव्हा अट आली की मध्ये एक अशी कंपनी हवी जी स्वतः कुठलाच धंदा करणार नाही, फक्त भाग धरील, आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असेल. अर्जदारांत मोठी उद्योगघराणीही होती. परवानगी मिळाली आयडीएफसी आणि बंधन या दोघांना. नोव्हेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेच्याच एका अंतर्गत गटाने सुचवलं की कायद्यात बदल करून उद्योगघराण्यांना बँक काढू द्यावी. रघुराम राजन आणि विरल आचार्य यांनी जाहीरपणे विरोध केला, आणि वर्षभराने रिझर्व्ह बँकेने त्या गटाच्या ३३ पैकी २१ शिफारशी स्वीकारल्या, त्यात ही नव्हती. मला विचाराल तर बरं झालं. ज्याचं दुकान त्याचीच वही, हे आपण एकदा भोगलं आहे.

इथपर्यंतचं सगळं झालं मोठ्या बँकांचं. आपल्यापैकी कितीतरी जणांचे पैसे मात्र सहकारी बँकांत आहेत, आणि खरी अडचण तिथे आहे. सहकारी बँकेला सूत्रधार कंपनी नसते. एक सभासद, एक मत. हजार रुपयांचे भाग असोत की लाखाचे, मत एकच. कागदावर बघाल तर अमेरिकेच्या कायद्याला शोधायला मालकच सापडणार नाही. ही रचना फार सुंदर आहे आणि महाराष्ट्राने ती देशात सर्वात जास्त रुजवली. पण मालकाची खुर्ची रिकामी आहे म्हणून तिच्यावर कुणी बसत नाही असं होत नाही.

सायनला १९८४ साली सुरू झालेली पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, पीएमसी, घ्या. २०१९ पर्यंत ती सात राज्यांत पसरली, १३७ शाखा झाल्या, ठेवी ११ हजार कोटींच्या वर गेल्या. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना कळलं की सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील. ती मर्यादा दोनच दिवसांनी १०,००० केली, पुढे आणखी वाढवली. पण बाहेर आलेली हकीकत अशी होती की बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एका बांधकाम समूहाला, एचडीआयएल आणि तिच्या संलग्न कंपन्यांना, दिलेलं होतं. पोलिसांकडच्या तक्रारीनुसार ते झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली होती.

मघाशी सांगितलेला आकडा आठवा. तिकडे मालकाच्या सगळ्या कंपन्यांना मिळून भांडवलाच्या २० टक्के. इथे एका समूहाला सगळ्या कर्जांच्या ७० टक्क्यांच्या वर. आणि हा समूह कागदावर बँकेचा मालक नव्हताच, कर्जदार होता. गावात म्हणतात ना, शंभर रुपये देणं असेल तर झोप तुमची उडते, लाख रुपये देणं असेल तर सावकाराची. बँकेचे बहुतेक पैसे एकाच कर्जदाराकडे अडकले की बँकेवर हुकूम त्याचाच चालतो. त्याला ‘नाही’ म्हणणं बँकेला परवडत नाही. हा सूत्रधार भाग विकत घेऊन येत नाही, कर्ज घेऊन येतो. आणि कर्ज घेऊन आलेल्या सूत्रधाराची नोंदणी कुठल्याच वहीत होत नाही.

हे मुंबईचं झालं म्हणून हात झटकायला नको. आपल्याच जिल्ह्यात पेण अर्बन बँकेचे व्यवहार २०१० मध्ये थांबले, आणि ठेवीदारांचे मोर्चे पुढे किती वर्षं निघत होते ते पेणकडच्या सोयऱ्यांना विचारा. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर जून २०२० मध्ये निर्बंध आले तेव्हा काढता येणारी रक्कम होती ५०० रुपये. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. विम्यातून सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण ठेव मिळेल, असं तेव्हा जाहीर झालं. उरलेल्या ५ टक्क्यांत साधारण कोण असतं ते सांगू? ज्यांनी नुकतीच जमीन विकलेली असते, नुकतेच निवृत्त झालेले असतात, मुलीच्या लग्नासाठी सगळं एका जागी आणलेलं असतं.

दोष कुणाचा, यावर वर्षानुवर्षं एकमेकांकडे बोट दाखवणं चाललं. कारण सहकारी बँकेची नोंदणी सहकार निबंधकाकडे आणि बँकिंगचा परवाना रिझर्व्ह बँकेकडे, अशी दोन घरची सून १९६६ पासून. २०२० च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेचे अधिकार बरेच वाढले, मंडळ बाजूला करणं, बँक दुसरीत विलीन करणं तिला सोपं झालं. पीएमसी २५ जानेवारी २०२२ ला युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांच्या आतले ठेवीदार सुटले. त्यावरच्या रकमा टप्प्याटप्प्याने, काहींच्या तर १० वर्षांपर्यंत.

एक गंमत मध्येच सांगते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक, एसव्हीबी, बुडाली. आणि मुंबईत शामराव विठ्ठल बँकेला, म्हणजे एसव्हीसीला, जाहीर निवेदन काढावं लागलं की आमचा त्या बँकेशी काहीही संबंध नाही! १९०६ पासूनची संस्था, पण एका अक्षराने लोक घाबरले. बँकेच्या पाठीमागे कोण आहे हे माहीत नसलं की असंच होतं, नावावरून विश्वास ठेवतो आणि नावावरूनच पळत सुटतो.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं तिथे येते. शाळेच्या नव्या वर्गखोल्यांसाठी आपण जमवत असलेला निधी. तो कुठे ठेवायचा यावर आपल्या गटात दोन महिने चर्चा चालू आहे. एक सूचना आली की एक पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त देते, आणि संचालक आपल्या ओळखीचे आहेत. ओळखीचे आहेत ही गोष्ट मी नाकारत नाही, चांगली माणसं असतील. पण पतसंस्था ही बँक नाही. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, आणि ठेव विमा महामंडळाचा विमा तिथल्या ठेवीला नसतो. एक रुपयाचाही नाही. पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत.

बँकेतल्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. १९६२ साली तो १,५०० रुपयांचा होता, १९९३ पासून १ लाखाचा आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा. हे ५ लाख एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून. एकाच बँकेच्या कर्जत शाखेत ५ आणि नेरळ शाखेत ५ ठेवले तर १० होत नाहीत. सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला ही रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद आहे. पूर्वी परवाना रद्द होऊन दिवाळखोरी सुरू होईपर्यंत वाट बघावी लागायची. कर्नाळ्याच्या आधीच्या पिढीने ती वाट बघितली.

ज्यांचे सहकारी बँकेत भाग आहेत त्यांना एक काम सांगते. वार्षिक सभेला आपण जातो, वडापाव खातो, भेटवस्तूची पिशवी घेतो आणि विषयपत्रिकेतला पहिला ठराव होईपर्यंत निम्मे एसटीच्या थांब्यावर असतो. यंदा अहवाल उघडा. मागच्या पानांवर संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे असलेली कर्जं, थकीत कर्जांचं प्रमाण आणि लेखापरीक्षणाचा वर्ग दिलेला असतो. संचालकांना कर्ज द्यायला २००३ पासून बंदी आहे, तेव्हा तिथे आकडा दिसला तर उभं राहून विचारा. आणि दुसरा प्रश्न विचारा की सर्वात मोठ्या २० कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के आहेत. नावं सांगणार नाहीत, टक्केवारी सांगायला हरकत नसावी. सभा जरा शांत होईल, होऊ द्या.

आणि शेवटी आपलं स्वतःचं. दुसऱ्याच्या नोंदणीबद्दल मी पाऊण तास बोलले, पण आपला माजी विद्यार्थी गट अजून कुठेच नोंदलेला नाही. निधी आज आपल्या खजिनदार मित्राच्या वैयक्तिक खात्यात आहे. त्याच्या सचोटीबद्दल माझ्या मनात तीळमात्र शंका नाही, त्याने एकेका शंभर रुपयाची पावती दिली आहे. पण कायद्याच्या लेखी ते पैसे त्याचे आहेत. त्याच बँकेत त्याचे स्वतःचे पैसे असतील तर दोन्ही मिळून ५ लाखांचाच विमा. उद्या त्याला काही झालं, ईश्वर न करो, तर शाळेचे पैसे त्याच्या वारसांच्या कागदपत्रांत अडकतील, आणि वहिनींना त्रास होईल तो वेगळाच.

माझी सूचना अशी. संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली गटाची नोंदणी करायची. संस्थेच्या नावाने खातं, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे निघणार नाहीत असं. निधी ५ लाखांच्या वर गेला की दुसऱ्या बँकेत दुसरं खातं, व्याज थोडं कमी मिळालं तरी चालेल. संस्थेला किमान सात सभासद लागतात. अर्जाचा नमुना मी छापून आणला आहे, तो दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ओळखपत्राच्या प्रती नंतर दिल्यात तरी चालतील, सह्या मात्र जेवणाची पंगत बसायच्या आधी करून घेऊ, कारण नंतर नेरळच्या गाड्यांची वेळ होते आणि मग कुणी सापडत नाही.